‘तुम्हाला कामात कशाने प्रेरणा मिळते?’ हा प्रश्न थेट विचारू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: 14 जणांची टीम आहे. काम वेळेवर होतं, भांडणं नाहीत, पण माणसं आतून अलिप्त झाल्यासारखी वाटतात. प्रत्येकाने आपल्याला कामात कशाने हुरूप येतो याचा विचार करावा आणि तो एकमेकांना सांगावा, म्हणून एक तासाचं सत्र ठेवायचं आहे. ते कसं घ्यावं आणि त्यात काय विचारावं?

एका तासात हे होत नाही. पहिल्या निरोपापासून शेवटच्या आढाव्यापर्यंत नऊ-दहा आठवडे धरा. त्यात प्रत्येक माणसाचा प्रत्यक्ष वेळ मात्र तीन-सव्वातीन तासच जातो. दुसरं म्हणजे, ‘तुम्हाला कशाने प्रेरणा मिळते?’ हा प्रश्न या सगळ्यात एकदाही विचारायचा नाही.

हा प्रश्न विचारला की उत्तरं ठरलेली येतात: ‘नवीन शिकायला मिळतं’, ‘टीम चांगली आहे’, ‘आव्हानं आवडतात’. माणसं खोटं बोलत नसतात. आपण एखादी गोष्ट का करतो हे आपल्याला वाटतं तितकं ठाऊक नसतं, आणि कारण विचारलं की मन शोभेलसं कारण पुढे करतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलेला पायमोज्यांचा प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अगदी एकसारखे चार पायमोज्यांचे जोड ओळीने ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांतला उत्तम निवडायला सांगितलं. उजव्या टोकाचा जोड सर्वांत जास्त निवडला गेला. का निवडला, असं विचारल्यावर लोकांनी कारणं सांगितली. पण ‘तो उजवीकडे होता म्हणून’ असं कुणीच म्हटलं नाही. तुमच्या सत्रात थेट प्रश्न विचाराल तर अशीच कारणं गोळा होतील, आणि त्यांवर कामाची वाटणी बदलाल तर ती चुकीच्या पायावर बदलेल.

म्हणून कारणं सोडा आणि प्रसंग गोळा करा. गेल्या मंगळवारी दुपारी काय केलं, हे माणसाला बऱ्यापैकी आठवतं. त्यातून हुरूप कशाचा होता ते दिसू लागतं.

सत्राआधीचे तीन आठवडे

निरोप सत्राच्या तीन आठवडे आधी जायला हवा. तो टीमच्या प्रमुखाने स्वतः लिहावा, एचआरच्या सहीने जाऊ देऊ नये. त्यात चार गोष्टी स्वच्छ शब्दांत असाव्यात: हे कशासाठी आहे, लिहिलेला कागद कुणाकडे राहील (ज्याचा त्याच्याकडेच), काय सांगायचं हे कोण ठरवेल (ज्याचा तोच), आणि याचा अप्रेझलशी संबंध नाही. शेवटचं वाक्य खरं ठरायचं असेल तर तारीख तशी निवडावी लागते. अप्रेझलच्या आधी किंवा नंतर सहा आठवडे हे सत्र ठेवू नका. पगारवाढीचे आकडे डोक्यात घोळत असताना कुणीही ‘मला हे काम कंटाळवाणं वाटतं’ असं बोलणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मग कामाचे 10 दिवस प्रत्येकाने दिवस संपताना तीन ओळी लिहायच्या. दोन-तीन मिनिटं पुरतात. पहिल्या ओळीत, आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही. दुसऱ्या ओळीत, कोणतं काम ओढून न्यावं लागलं. तिसऱ्या ओळीत, आज माझं काम कुणाच्या उपयोगी पडलं, आणि ते मला कसं कळलं. कागद, फोन, वहीचं शेवटचं पान, काहीही चालेल. फक्त कंपनीच्या सामायिक फाइलमध्ये लिहायला लावू नका. कुणीतरी वाचणार आहे हे माहीत असलं की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहितो.

ओळी जितक्या बोथट तितक्या निरुपयोगी. ‘मीटिंग चांगली झाली’ यातून काही हाती लागत नाही. ‘मीटिंगमध्ये दोन विभागांचा वाद होता, मी फळ्यावर दोघांचे टप्पे काढून दाखवले, मग पाच मिनिटांत मिटला’ यातून लागतं. निरोपासोबत अशी एक बोथट आणि एक टोकदार ओळ नमुना म्हणून द्या. लांबलचक सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

रोज लिहायला सांगण्यामागे कारण आहे. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 7 कंपन्यांतल्या 238 जणांच्या रोजनिशीतल्या जवळपास 12,000 नोंदी अभ्यासल्या. चांगल्या दिवसांत वारंवार दिसलेली गोष्ट कौतुक किंवा बक्षीस नव्हती. आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामात थोडीशी पुढची मजल मारता आली, हे त्या दिवसांत सर्वांत जास्त वेळा घडलेलं होतं. अशी छोटी मजल दोन आठवड्यांनी आठवायला गेलं तर सापडत नाही, त्याच संध्याकाळी लिहिली तरच सापडते.

पाचव्या दिवशी सगळ्यांना एक आठवण पाठवा, एकच. ज्यांनी लिहिलं नसेल त्यांनी उरलेले पाच दिवस लिहिले तरी काम भागतं. 14 जणांत तीन-चार जण काहीच लिहिणार नाहीत हे गृहीत धरा आणि त्यांना सत्रातून वगळू नका.

सत्र: पावणेदोन तास

सुरुवातीची 10 मिनिटं प्रमुखाची. इथे एक बारकावा सांभाळायला हवा. प्रमुखाने आधी बोलून मोकळेपणा दाखवावा असा सल्ला नेहमी दिला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. प्रमुखाने ‘मला लोकांना घडवायला आवडतं’ असं सुरुवातीलाच म्हटलं, तर पुढच्या अर्ध्या टीमला अचानक लोकांना घडवायला आवडू लागतं. म्हणून प्रमुखाने सुरुवातीला फक्त ओढून न्यावं लागणाऱ्या कामाबद्दल बोलावं, तेही आपल्या नोंदीतून, दोन मिनिटं. ‘दर सोमवारचा अहवाल मी गुरुवारपर्यंत ढकलतो. आकडे जमवणं जड जात नाही, त्यावरचा परिच्छेद लिहायला हात उचलत नाही.’ याने कंटाळ्याबद्दल बोलायला वाट मोकळी होते. हुरूप कशाने येतो हे मात्र प्रमुखाने आपल्या गटात सर्वांत शेवटी सांगावं.

मग 20 मिनिटं एकट्याने लिहिणं. खोलीत पूर्ण शांतता हवी. प्रश्न चारच:

गेल्या 10 दिवसांतला वेळेचं भान न राहिलेला एक प्रसंग घ्या. त्या अर्ध्या तासात हात आणि डोकं नेमकं काय करत होतं?

कुणी सांगितलं नसताना, कुणी बघणार नसताना, कोणतं काम गरजेपेक्षा जास्त नीट केलंत?

कोणतं काम सारखं उद्यावर गेलं? त्या कामातला नेमका कोणता टप्पा नकोसा होता?

उद्या तुमची कामं दुसऱ्याकडे जाऊ लागली, तर कोणतं एक गेल्याचं वाईट वाटेल?

या चारांत दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात दिखाव्याला जागा कमी आहे. फाइलींना नावं नीट देणं, नव्या माणसासाठी चार ओळींची टीप लिहून ठेवणं, तक्रार करणाऱ्या ग्राहकाला दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करणं: असं काम माणूस कुणाच्या सांगण्याने करत नाही. तिथे त्याची खरी ओढ उघडी पडते. तिसऱ्या प्रश्नात ‘टप्पा’ हा शब्द तसाच ठेवा. संपूर्ण काम नकोसं असणं क्वचित घडतं. बहुधा एकच सांधा खुपत असतो: मंजुरीसाठी थांबणं, तीच माहिती दोनदा भरणं, ज्याचं उत्तर येणारच नाही असा मेल लिहिणं.

यानंतर जोड्या, प्रत्येकाला 12 मिनिटं. 14 जणांच्या सात जोड्या होतात; एखादा गैरहजर राहिला तर एक तिघांचा गट करा आणि त्याला 12 मिनिटं जास्त द्या. जोडीत अधिकारी आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकत्र नको. रोज शेजारी बसणारे दोघेही शक्यतो नकोत, त्यांना एकमेकांचं सगळं माहीत असल्यासारखं वाटतं आणि प्रश्न विचारलेच जात नाहीत.

ऐकणाऱ्याला तीनच प्रश्नांची मुभा द्या आणि ते फळ्यावर लिहून ठेवा: ‘नेमकं काय केलंत?’, ‘तेव्हा आणखी कोण होतं?’, आणि ‘यातली एक गोष्ट वेगळी असती, तरी तितकंच बरं वाटलं असतं का?’ ‘का?’ विचारायला बंदी. ‘का’ म्हटलं की माणूस आपली बाजू मांडू लागतो, ‘काय’ म्हटलं की वर्णन करतो. सल्ला द्यायलाही बंदी आहे, आणि हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. ‘अहो, मग तुम्ही त्या प्रोजेक्टमध्ये का जात नाही?’ एवढं एक वाक्य आलं की समोरचा विचार थांबवून उत्तर द्यायला लागतो.

हे कसं चालतं ते एका नमुन्यावरून पाहा. हिशेब विभागातल्या एका कर्मचारी बाईंनी कागदावर लिहिलं आहे: ‘मला अचूकता आवडते.’

‘त्या दिवशी नेमकं काय केलंत?’

‘बँकेच्या विवरणाचा ताळा जुळवत होते. 540 चा फरक येत होता.’

‘मग?’

‘540 ला 9 ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट पडले असणार. तशा नोंदी शोधत गेले. 1,930 च्या जागी 1,390 पडलं होतं. चारला सापडलं, चहाची वेळ टळून गेली होती.’

‘तेव्हा आणखी कोण होतं?’

‘कुणीच नाही. कुणाला सांगितलंही नाही.’

‘यातली एक गोष्ट वेगळी असती तर? समजा फरक नसताच, सगळं पहिल्याच फटक्यात जुळलं असतं. तरी तितकंच बरं वाटलं असतं?’

‘नाही. मग तो नेहमीसारखाच दिवस झाला असता.’

म्हणजे ओढ अचूकतेची नाही, माग काढण्याची आहे. हा फरक शब्दांपुरता नाही. ‘यांना अचूकता आवडते’ असं धरून त्यांच्याकडे नोंदी भरण्याचं आणखी काम दिलं असतं, तर त्या महिनाभरात कोमेजल्या असत्या. त्यांना द्यायला हवेत वर्षभर पडून राहिलेले, कुणालाच न जुळलेले जुने फरक. त्यांच्या पहिल्या उत्तरातून हे कळलं नसतं. ते कळलं तिसऱ्या प्रश्नाने, कारण तो प्रसंगातली एक गोष्ट काढून घेऊन पाहतो. जोडीतला वेळ कमी पडत असेल तर पहिले दोन आटोपते घ्या, तिसऱ्याला हात लावू नका.

जोड्यांनंतर 10 मिनिटांची सुट्टी. ती खरंच द्या, माणसांना काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे ठरवायला ती लागते.

सगळ्यांपुढे सांगण्याचा भाग 14 जणांच्या एका गोलात करू नका. तीन-तीन मिनिटं धरली तरी 42 मिनिटं होतात, आणि आठव्या माणसानंतर ऐकणं संपतं. पाच, पाच आणि चार असे तीन गट करा. प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला, दोन मिनिटं इतरांच्या प्रतिसादाला. ‘मी आज ऐकणार’ एवढं म्हणून कुणीही आपली पाळी सोडू शकतो, आणि हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं असतं. सोडण्याची मुभा खरी असली तर फारच कमी लोक ती वापरतात.

प्रतिसादाचं रूपही ठरवून द्या. ‘छान’, ‘मस्त’ नको. ‘तुमच्या या कामाचा मला असा उपयोग झाला’ या धर्तीवरचं एक वाक्य, तेही असेल तरच. हे किरकोळ वाटतं, पण ॲडम ग्रँट यांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची भेट अशा विद्यार्थ्याशी घालून दिली होती, ज्याला त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळाली होती. भेट अवघी पाच मिनिटांची. महिन्याभराने त्यांचा आठवड्याचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. तुमच्या टीममध्ये तेवढा परिणाम दिसेलच असं नाही. पण ज्याच्यापर्यंत आपलं काम पोचतं त्याने ते तोंडावर सांगणं, याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. आतल्या कामांत तर ते कधी सांगितलंच जात नाही, कारण जो उपयोग करून घेतो तो समोरच्याच टेबलावर असतो.

शेवटची 10 मिनिटं प्रत्येकाने आपल्या कागदावर एकच वाक्य लिहायचं: ‘पुढच्या महिन्यात हे काम थोडं जास्त, हे थोडं कमी, किंवा हे वेगळ्या पद्धतीने करून पाहायला आवडेल.’ हे वाक्य प्रमुखाकडे जातं. बाकीचा कागद घरी.

पैशाचं उत्तर आलं तर

ते येणारच, आणि यायलाच हवं. ‘मी पगारासाठी काम करतो’ म्हणणारा माणूस कमी निष्ठेचा नसतो. एमी व्रेस्नेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवलं की काही जण कामाकडे उपजीविका म्हणून पाहतात, काही वर चढण्याची वाट म्हणून, काही आपलं ब्रीद म्हणून. एकाच हुद्द्यावर एकसारखं काम करणाऱ्यांतही हे तिन्ही प्रकार सापडतात. ज्याचा जीव घरच्या आजारी माणसात किंवा संध्याकाळच्या रियाजात आहे, त्याला कामाने फक्त वेळेवर मोकळं करावं एवढंच हवं असतं. ती खरी आणि आदराची गोष्ट आहे. सत्र घेणाऱ्याने अशा उत्तरावर भुवई उंचावली तर खोलीतला प्रामाणिकपणा तिथेच संपतो.

दुसरी बाजूही आहे. चिप हीथ यांनी 1999 साली दाखवलं, की इतर लोक पैशासारख्या बाहेरच्या लाभांसाठी काम करतात असं आपण वाजवीपेक्षा जास्त धरून चालतो. स्वतःबद्दल मात्र तसं मानत नाही. मॅनेजर मंडळींनी हे ध्यानात ठेवून बसावं.

आणि पगारात उघड अन्याय असेल, समान कामाला असमान पैसे मिळत असतील, ओव्हरटाइम थकला असेल, तर सत्र पुढे ढकला आणि आधी ते निस्तरा. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 सालीच हा भेद मांडला होता: पगार, धोरणं, देखरेख या गोष्टी बिघडल्या की असमाधान होतं, त्या सुधारल्या की असमाधान जातं, पण केवळ तेवढ्याने कामात गोडी येत नाही. त्यांच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली आणि पैसा काहींना खरोखरच बळ देतो हेही खरं, तरी कामाचा क्रम ठरवायला हा भेद आजही उपयोगी आहे. खालचा मजला गळत असताना वर रंग देऊ नये.

सत्रानंतरचे दहा दिवस

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माणसं मोकळी होतात, बोलतात, आणि पुढे काहीच हलत नाही. मग ती आधीपेक्षा जास्त मिटतात, कारण आता दुर्लक्ष झालं ते त्यांनी मनातलं सांगितल्यावर. म्हणून प्रमुखाने सत्र ठरवण्याआधीच स्वतःशी एक यादी करावी: माझ्या अधिकारात काय काय बदलता येतं? कामांची अदलाबदल, मीटिंगची वेळ, कोण कोणाशी थेट बोलणार, मंजुरीची एखादी पायरी, नव्या माणसाला शिकवण्याची जबाबदारी. या यादीत काहीच नसेल तर सत्र घेऊ नका.

सत्रानंतर 10 दिवसांच्या आत प्रत्येकाशी 30 मिनिटं एकट्याने बोलायचं. 14 जणांचे सात तास होतात, ते आधीच कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. समोर फक्त ते एक वाक्य असतं. बदल छोटा ठरवा, आठवड्यातले दोन ते चार तास, म्हणजे 40 तासांच्या आठवड्यात 5 ते 10 टक्के. मोठा बदल करायला परवानग्या लागतात आणि त्या येईपर्यंत उत्साह निवतो. छोटा बदल सोमवारपासून करता येतो आणि चुकला तर मागे घेता येतो.

बदल कामाच्या वाटणीतच असायला हवा असं नाही. व्रेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 साली मांडल्याप्रमाणे माणूस आपलं काम तीन अंगांनी घडवू शकतो: कोणती कामं करतो, कामात कोणाशी संबंध येतो, आणि त्या कामाकडे कसं पाहतो. तिसरं अंग माणसाचं स्वतःचं आहे. प्रमुखाने ‘तुम्ही याकडे वेगळ्या नजरेने पाहा’ असं सांगणं म्हणजे स्वतः काही न बदलण्याची पळवाट ठरते. पहिली दोन अंगं तुमच्या हातात आहेत, तिथे हात घाला. ज्यांना आपल्या कामाचं पुढे काय होतं हे कधीच कळत नाही, त्यांना महिन्यातून एकदा ते वापरणाऱ्या विभागाच्या मीटिंगमध्ये बसवणं एवढाही बदल पुरतो.

एक नियम दगडावरची रेघ समजा: जेवढं काम वाढवाल तेवढ्या वेळाचं दुसरं काम काढून घ्या. ‘तुम्हाला शिकवायला आवडतं ना, मग नव्या तिघांना तुम्हीच तयार करा,’ असं म्हणून वर आठवड्याचे चार तास लादले, की त्या माणसाची आवड त्याच्याविरुद्ध वापरल्यासारखं होतं. पुढच्या वेळी तो आवड लपवून ठेवेल, आणि त्याचं पाहून बाकीचेही.

माणसांचे प्रसंग ऐकताना एक भिंग हाताशी असलेलं बरं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला आतून बळ मिळायला तीन गरजा भागाव्या लागतात: आपल्या मर्जीने करता येणं, करता येतंय असं जाणवणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. एखाद्याचे सगळे चांगले प्रसंग एकट्याने केलेल्या कामाचे असतील, एखाद्याचे सगळे कुणाच्या तरी सोबतीतले, तर बदल कुठे करायचा याचा अंदाज येतो. हे भिंग तुमच्यापुरतं ठेवा. ‘हा स्वायत्ततावाला, ती आपलेपणावाली’ असे शिक्के मारलेत की माणसं शिक्क्याला शोभेलसं वागू लागतात.

कुठे बिघडतं

सर्वोत्तम अनुभवाला बक्षीस ठेवणं ही सर्वांत सामान्य चूक. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. चित्रं काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. सत्रात बक्षीस आलं की बोलणं स्पर्धेचं होतं आणि सर्वांत करुण किंवा सर्वांत भव्य प्रसंग जिंकतो. फरकाचा माग काढणाऱ्या बाई तिथे गप्प बसतात.

भिंतीवर लावणं हीदेखील तशीच चूक. प्रत्येकाचा फोटो, खाली एक प्रेरक वाक्य. तीन महिन्यांनी ते वाक्य खरं राहिलेलं नसतं आणि माणूस रोज त्याच्यासमोरून जातो. बोललेलं खोलीतच राहू द्या.

कुणी रडलं तर घाबरू नका आणि त्यावर सत्र फिरवूही नका. ‘थांबूया का, की पुढे जाऊया?’ एवढं विचारा आणि तो माणूस म्हणेल तसं करा. घरचं दुःख बाहेर काढायला लावणं हा या सत्राचा हेतू नाही. म्हणूनच चारही प्रश्न कामाच्या प्रसंगांबद्दल आहेत, बालपण, स्वप्नं आणि आयुष्यातलं वळण त्यांत येत नाही.

दहाही दिवसांच्या पहिल्या ओळी कोऱ्याच राहिल्या असं एखाद्याने सांगितलं तर? त्याला आळशी समजू नका. तो कदाचित इतका दमला आहे की काही आवडायला शक्तीच उरलेली नाही. त्याच्याशी हुरुपाबद्दल बोलू नका. आधी कामाचा भार, सुट्ट्या आणि झोप यांबद्दल बोला, आणि गरज दिसली तर समुपदेशकाची वाट दाखवा. तीन आठवडे भार हलका झाल्यावर नोंदी पुन्हा सुरू करता येतात.

गट तक्रारींकडे घसरला तर तोडू नका, फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या लिहून घ्या आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर देणार ते बाजूला लिहा. तारीख नसलेली तक्रार पुन्हा पुन्हा वर येते.

ज्यांना लिहिणं अवघड जातं, किंवा जे यंत्रावर, वाहनावर, पाळीत काम करतात, त्यांच्यासाठी पद्धत बदला. पाळी संपताना फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाज स्वतःसाठी रेकॉर्ड करणं, किंवा आज ज्या कामाचं समाधान वाटलं त्याचा एक फोटो काढून ठेवणं, तीन ओळींइतकंच चालतं. पावणेदोन तास सलग मिळत नसतील तर 35 मिनिटांचे तीन तुकडे करा, पण जोडीचा तुकडा मध्येच तोडू नका. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत त्याला बोलू द्या; कार्यालयाच्या भाषेत बोलायला लावलं की पुन्हा ‘आव्हानं आवडतात’ हेच ऐकू येईल. ऑनलाइन सत्रात गट चारांपेक्षा मोठा नको, आणि रेकॉर्डिंग बंद आहे हे बोलून दाखवा.

चार आठवड्यांनी

बदल सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी प्रत्येकाला 15-20 मिनिटं द्या. ‘कसं वाटतंय?’ विचारलंत तर ‘छान’ म्हणतील. त्याऐवजी विचारा: ‘हा बदल येत्या सोमवारी काढून घेतला तर चालेल का?’ उत्तर यायला लागणारा वेळही बरंच सांगून जातो. लगेच ‘नको’ आलं तर बदल कायम करा आणि तो कामाच्या वाटणीत लेखी नोंदवा, म्हणजे प्रमुख बदलला तरी तो टिकेल. ‘चालेल’ आलं तर बदल चुकला असं समजून बिनधास्त मागे घ्या आणि त्या माणसाला पुन्हा पाच दिवसांच्या तीन ओळी लिहायला सांगा. बहुधा प्रसंग बरोबर असतो, त्यातला महत्त्वाचा धागा ओळखायला चुकलेला असतो: काम आवडलं असं वाटलेलं असतं आणि प्रत्यक्षात सोबतीला असलेला माणूस आवडलेला असतो, किंवा उलट.

पूर्ण सत्र वर्षातून एकदा पुरतं, रोजच्या नोंदी सहा महिन्यांनी एकदा, 10 दिवस. नव्याने आलेल्या माणसाला तीन महिने होऊ द्या. त्याआधी त्याला सगळंच नवं असतं, आणि नवेपणाचा हुरूप कामाच्या हुरुपापासून वेगळा काढता येत नाही.